गेंडोबाचं शेवटचं वाक्य

विल्या, परवा मी तुझ्या खुर्चीत बसलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझी कटकट नको. हात साबणाने धुतले होते. रुमालाला न पुसता हवेत वाळवले होते. डिस्क धरताना मधल्या भोकात एक बोट, कडेला अंगठा, बाकी कुठे स्पर्श नाही. वीस वर्षं तू मला हे एवढंच शिकवलंस आणि वीस वर्षं मी दर रविवारी मुद्दाम बटाटेवडा खाऊन तुझ्याकडे आलो, तेलकट बोटं तुझ्या नाकासमोर नाचवत. तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. परवा वडा खाल्ला नव्हता. कुणासाठी खाणार?

तुला जाऊन बावीस दिवस झाले. आमच्या फणसवाडीत लोकांना वाटतंय की माझा घसा बसलाय. साहजिक आहे. हळदीकुंकवापासून सत्कारापर्यंत कुणाच्याही हातातला माइक काढून घेणारा माणूस तीन आठवडे गप्प, म्हणजे घसाच असणार. दोघांनी ज्येष्ठमध आणून दिला. मी घेतला आणि चघळला. काय सांगणार त्यांना?

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. मला तशी खोड आहे, आणि आता मधेच तोडायला तू नाहीस. हा तुझ्या जाण्याचा एकमेव फायदा. तो मला नको आहे.

तर गेंडोबा. छत्र्या दुरुस्त करणारा गेंडा. कुठल्यातरी थंड देशातली सात-सात मिनिटांची कार्टून, आपल्या लहानपणी टीव्हीवर रविवारी सकाळी मराठीत लागायची. पाठीवर छत्र्यांची मोळी घेऊन हा गावोगाव हिंडायचा, आणि प्रत्येक भागात त्याचं शिंग कुणाच्या तरी छत्रीत घुसायचं. गेंडा, गोगलगाय, खाष्ट कोंबडी, सगळ्यांचे आवाज एकच माणूस काढायचा. त्याचं नाव कधी पडद्यावर आलं नाही. गेंड्यालाही काहीतरी परदेशी नाव होतं. लालबागच्या आपल्या चाळीने त्याला गेंडोबा केलं आणि विषय संपवला.

तिसऱ्या मजल्यावर एकच टीव्ही, राणेकाकूंचा. पाय धुऊन या, तेलाचं डोकं भिंतीला टेकू नका, आणि बोलायचं ते जाहिरातीत बोला. एका रविवारी निवेदिकेने गोड हसून सांगितलं की पुढच्या आठवड्यात शेवटचा भाग. आम्ही सगळे "अरेरे" म्हणून क्रिकेट खेळायला पळालो. तू तिथेच बसून राहिलास. दहा वर्षांचा होतास. तेव्हाच तुझ्या डोक्यात बसलं असणार, की जे संपणार आहे ते कुठेतरी ठेवलं पाहिजे.

पुढच्या रविवारी तू तुझ्या मामाने बोटीवरून आणलेला टेपरेकॉर्डर पोटाशी धरून राणेकाकूंच्या दारात उभा. काकूंनी प्लग लावू दिला नाही. "लाइटबिल तुझो मामा भरतलो?" म्हणून तू बॅटऱ्या घातल्यास, त्याही टॉर्चमधल्या, अर्धमेल्या. कोरी कॅसेट कुठून आणणार, तर तुझ्या बाबांच्या भजनाची घेतलीस. त्याबद्दल संध्याकाळी जी कानाखाली बसली, तिचा आवाज खालच्या मजल्यावर आम्हाला आला होता.

आणि मग तो शेवट. गेंडोबाने सगळ्या छत्र्या विकल्यात. एकच उरलीय, लहान मुलाची, पिटुकली. ती तो डोक्यावर धरतो. शिंग कापडातून टचकन वर येतं. छत्री शिंगात अडकून राहते, आणि हा धिप्पाड प्राणी तसाच गावाबाहेर निघतो, पावसात. वेशीवर गोगलगाय विचारते, "गेंडोबा, कुठे निघालास?" गेंडोबा चालता चालता, मागे वळूनही न बघता, एक वाक्य बोलतो.

ते वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. कारण त्या शिंगावरच्या छत्रीने माझी वाट लावली होती. मी हसत नव्हतो, मी कोसळलो होतो. कॅसेटवर सगळं आहे. आधी गोगलगाय. मग मी. मग तुझा बारीक, कळवळलेला आवाज, "गप रे मोहन्या, रेकॉर्ड होतंय." त्याने मी आणखी जोरात. माझं संपेपर्यंत कार्टून संपलेलं, आणि अर्ध्या ओळीपासून तुझ्या बाबांचं भजन सुरू.

बाहेर जिन्यावर सगळे एकमेकांना विचारत होते, काय म्हणाला रे गेंडोबा? तू म्हणालास, "मला थोडं ऐकू आलंय." तू टीव्हीला कान लावून बसला होतास ना. "मग सांग की." तर तू म्हणालास, "आधी कॅसेट ऐकून खात्री करतो, मग सांगतो."

दहा वर्षांचा पोरगा, विल्या. खात्री करतो म्हणे. तेवढ्यात मी वरच्या पायरीवर चढलो, छातीवर हात ठेवला आणि गेंड्याच्या आवाजात जाहीर केलं, "राणेकाकूंकडे, चहा प्यायला." अख्खा जिना हसला. तू हसलास, आणि हळूच म्हणालास, "हे नाही."

तिथून ते सुरू झालं. पुढच्या चाळीस वर्षांत मी किती वाक्यं सांगितली, मला मोजता येत नाहीत. कुठेही चारजण जमले की कुणीतरी म्हणायचं, मोहन, गेंडोबा काय म्हणाला? की मी सुरू. दादरला तुझ्या लग्नात माइक माझ्याकडे होता. गोगलगाय विचारते कुठे निघालास, आणि गेंडोबा म्हणतो, "मुलीकडच्यांना विचारा." मांडवात हशा, शैलावहिनी मुंडावळ्यांतून हसतायत. तू अंतरपाट निघाल्यावर पहिलं काय केलंस? माझ्याकडे बघून ओठ हलवलेस. हे नाही.

मला वाटायचं तू मला डिवचतोयस. आणखी एक होऊन जाऊ दे, असं म्हणतोयस. खरंच तसंच वाटायचं.

मग खोके आले. आपली तिशी उलटली होती. तू परळच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचास, दात एकेक करून मेणात रोवायचास, आणि मी विमा कार्यालयात लोकांना त्यांच्या मरणाची भीती घालायचो. एके दिवशी तू एक छापील कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभा. बाहेरची एक कंपनी गेंडोबाचे सगळे भाग डीव्हीडीवर काढणार होती. चार संच. मूळ भाषा, खाली इंग्रजी अक्षरं. तू कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंस. चौथ्या संचाच्या शेवटच्या डिस्कवर, शेवटच्या भागात, खालच्या अक्षरांत, ते वाक्य लिहिलेलं असणार होतं.

पहिला खोका तुझ्या मामेभावाने बोटीवरून आणला. आपण पेढे आणले होते, आठवतं? डिस्क आत गेली आणि पडद्यावर आलं की या डिस्कला हा प्रदेश चालत नाही. आपला प्रदेश. तू पडद्यासमोर असा उभा होतास, जसं काही तुला स्वतःला कुणी हाकललंय. मग लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुरुस्तीवाल्याकडे प्लेयर नेला. त्याने आपल्याकडे पाठ केली, रिमोट पोटाशी धरला, काहीतरी आकडे मारले, आणि जगातले सगळे प्रदेश उघडले. तू परत येताना म्हणालास, "मोहन, असा एक रिमोट पाहिजे." मी विचारलं कशासाठी, तर तू प्लेयर या काखेतून त्या काखेत घेतलास.

दुसरा खोका आला तो वेगळ्या निळ्या रंगाचा. फरक एवढासा, मला तर उन्हात नेऊन दाखवावा लागला. तू त्या दिवशी जेवला नाहीस. मी म्हटलं, "अरे रंगाचं काय एवढं?" तू म्हणालास, "तुझ्या कवळीत एक दात पिवळा बसवला तर चालेल का तुला?" मला तेव्हा कवळी नव्हती. पण मी तोंड मिटलं.

तिसऱ्या खोक्याने मात्र तुला आजारी पाडलं. त्यांनी चित्र साफ केलं होतं. धुळीचे ठिपके, ओरखडे काढायला कुठलंतरी यंत्र लावलं होतं, आणि त्या यंत्राला पाऊसही ओरखडेच वाटला. चितारणाऱ्याने पेन्सिलीने ओढलेली एकेक बारीक रेघ पुसून टाकलेली. स्वच्छ आभाळाखाली गेंडोबा छत्र्या विकतोय आणि लोक घेतायत. मी हसून लोळलो. तू म्हणालास, "त्यांनी पाऊस पुसला रे," आणि उठून गॅलरीत गेलास. पाठमोरा होतास. मी ते लोकांना विनोद म्हणून सांगत आलो. पाठमोरा तू रडत होतास, हे मी कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.

तिसऱ्या खोक्याच्या मागे छापलं होतं, चौथा संच लवकरच. त्या लवकरचवर आपण किती वर्षं काढली. इंग्रजी पत्रं मी लिहायचो आणि तू त्यातली विशेषणं काढायचास. त्यांचं उत्तर यायचं की आपल्या आवडीबद्दल आभारी आहोत. मग ती कंपनी दुसऱ्या कुणी घेतली आणि त्यांना गेंडा कोण हेच माहीत नव्हतं. फळीवर तीन खोके आणि चौथ्याची जागा रिकामी. एक दिवस बघतो तर तिथे एक गुलाबी ठोकळा. कवळीची हिरडी करतात त्याच गुलाबी प्लॅस्टिकचा, घासूनपुसून, बरोब्बर खोक्याच्या मापाचा. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तू म्हणालास, "एक दात गेला की शेजारचे त्या जागेत झुकतात. आधार लागतो."

आता तुझ्या शेजारचा मी. मला कुणी ठोकळा करून दिलेला नाही.

गेल्या वर्षी फिल्मचं एक रीळ सापडलं. तिकडच्या एका निवृत्त मास्तरांकडे, ज्यांच्याशी तू इतकी वर्षं पत्रापत्री करत होतास. शेवटचा भाग, चित्र ठीक, आवाजाची पट्टी पार खराब. मास्तरांनी चित्राची प्रत पाठवली. तू मला ऑफिसात फोन केलास आणि एकच वाक्य बोललास, "मोहन, तो पाठमोरा आहे रे." मी साहेबांना सांगून निघालो. आपण ते मुकं चित्र अकरा वेळा पाहिलं, कुठेतरी तोंड दिसेल, ओठ दिसतील, म्हणून. गेंडोबा अकराही वेळा पाठ करून गेला. पाऊस मात्र होता. रेघ न् रेघ.

म्हणजे जगात चित्र मास्तरांकडे होतं, आणि आवाज लालबागला, तुझ्या बाबांच्या भजनाच्या कॅसेटवर. तू ठरवलंस की दोन्ही जोडायचे. चौथा संच आपणच काढायचा.

ते काम बघायला मी दर रविवारी यायचो. टॉर्चच्या बॅटऱ्या रेकॉर्डिंग चालू असतानाच जीव सोडत होत्या, त्यामुळे कॅसेटवर शेवटाकडे सगळे घाईघाईत बोलतात, गोगलगायसुद्धा. तू एकेक शब्द ताणून जागेवर बसवत होतास, जसे दात बसवायचास तसेच. मग साफसफाई. राणेकाकूंच्या कुकरची शिट्टी काढलीस. कुणाचा खोकला काढलास. मधेच दारातून तुझी आये ओरडते, "अरे मेल्यांनो, जेवूक येतास काय नाय?" तेही काढलंस. मी म्हटलं, "विल्या, आये आहे ती." तू मान वर न करता म्हणालास, "आये मूळ कॅसेटवर आहे. मूळ कॅसेटला मी हात लावत नाही, मागच्या दोन्ही टिकल्या मोडून ठेवल्यात, त्यावर कुणाला काही भरता येणार नाही. ही फिल्म आहे. फिल्ममध्ये आये नव्हती."

आणि दिवाळीनंतरच्या त्या रविवारी तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस.

"मोहन, आता तुझं हसणं काढतोय. नवीन एक साधन मिळालंय. एकात एक मिसळलेले आवाज वेगळे करता येतात. खाली वाक्य असलं तर निघेल."

मला राग यायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण तू कुकर, खोकला आणि माझं हसणं हे तिन्ही एकाच सुरात म्हणालास. मी नाटक केलं, नेहमीसारखं. छातीवर हात, "काढ, मलाच काढ. कचराच आहे मी."

तू नेहमी हसायचास तसा हसला नाहीस. "मला ते वाक्य ऐकू आलं होतं," तू म्हणालास. "तेव्हा. पुरं नाही, पण आलं होतं. मी खात्री करणार होतो. तू जिन्यावर चढलास. मग लग्नात, बारशात, जिथे तिथे. तू इतकी वाक्यं सांगितलीस, मोहन, आता मला माझं कुठलं तेच आठवत नाही. ते माझं होतं रे."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबल्या. मी त्या वेळी काय म्हणायला हवं होतं, हे मला आता रोज सुचतं. तेव्हा सुचलं ते तुला माहीत आहे. मी चपला घातल्या, उंबऱ्यातून वळलो आणि गेंड्याच्या आवाजात म्हटलं, "गेंडोबा काय म्हणाला सांगू? म्हणाला, 'इथून लांब.'"

चहा तसाच राहिला. त्यानंतर सात महिने मी आलो नाही. फणसवाडी ते लालबाग हे काय अंतर आहे? मी वाट बघत होतो तू फोन करशील. तू बहुतेक काम करत होतास.

फोन केला तो वहिनींनी. परळच्या हॉस्पिटलमध्ये तुला बघितलं तेव्हा पहिलं मनात आलं की खाटेवर तू पुन्हा दहा वर्षांचा झालायस, एवढासा. मी सात महिन्यांचं काहीच बोललो नाही. तूही नाही. तू तुझा हात माझ्या हातावर ठेवलास आणि विचारलंस, "मोहन, खरं सांग. काय म्हणाला तो?"

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. येताना टॅक्सीतच जुळवलं होतं, चांगलं होतं. मी तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं. "मला माहीत नाही रे. मला कधीच माहीत नव्हतं. मी हसत होतो."

"ते माहीत आहे," तू म्हणालास. "पहिल्या दिवसापासून."

मग थोडा वेळ डोळे मिटून पडलास. मला वाटलं झोप लागली. तर डोळे न उघडता म्हणालास, "सगळं झालंय. एक राहिलंय. एखादं सांग आज."

मला वाटलं राहिलंय म्हणजे इंजेक्शन, तपासणी, असलं काहीतरी. आणि एखादं सांग म्हणजे तुला हसायचंय. ते टॅक्सीतलं वाक्य आठवेना. दुसरं सुचेना. चाळीस वर्षं नळ सोडल्यासारखी वाक्यं सोडणारा मी, आणि तू पहिल्यांदा स्वतः मागितलंस तेव्हा माझ्या तोंडात थेंब नाही. मी म्हटलं, "उद्या सांगतो. चांगलं घेऊन येतो."

तू मान हलवलीस. उद्याला तू नव्हतास.

आता परवाचं. वहिनींचा निरोप आला, भावोजी, एकदा येऊन जा. गेलो. फळीवर पाहिलं तर गुलाबी ठोकळा टीव्हीवर ठेवलेला, आणि चौथ्या जागी चौथा खोका. बाजूची पट्टी पहिल्या खोक्याच्या निळ्या रंगाची, नेमकी तीच छटा. कुठून मिळवलीस तुलाच ठाऊक. उघडला तर आत तुझ्या मुंगीसारख्या अक्षरात चिठ्ठी. मला वाटलं, आलं, आता शेवटचं काहीतरी लिहिलं असणार, आणि माझे डोळे आधीच भरून आले. चिठ्ठीत लिहिलं होतं, हात धुऊन ये.

विल्या, मी मोरीत उभा राहून साबण लावत हसत होतो आणि वहिनी बाहेरून विचारत होत्या, ठीक आहात ना.

लावली. पाऊस आहे. एकही रेघ पुसलेली नाहीस. आवाज निवळशंख, जसा तो बिननावाचा माणूस आत्ता शेजारच्या खोलीत बसून बोलतोय. कुकर नाही, खोकला नाही, आये नाही. छत्र्या संपल्या. पिटुकली छत्री निघाली. मी खुर्चीचे हात धरून बसलो, कारण आता कळणार होतं तू मला काढलंस की नाही. शिंग वर आलं. गोगलगायीने विचारलं, "गेंडोबा, कुठे निघालास?"

आणि मी हसलो. दहा वर्षांचा मी. अख्ख्या स्वच्छ फिल्ममध्ये तेवढाच एक बाहेरचा आवाज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक उसासाही न कापलेला. "गप रे मोहन्या" ही तुझी ओळ मात्र नव्हती. स्वतःला काढलंस. ते काढायला मला विचारायचंस तरी.

वहिनी माझ्यामागे उभ्या होत्या. "एकदा काढून बघितलं होतं त्यांनी तुमचं हसणं," त्या म्हणाल्या. "खाली काहीच निघालं नाही, नुसती खरखर. मग परत घातलं. म्हणाले, इथे हेच मूळ आहे." मग म्हणाल्या, "आणि तुम्हाला एक बटण दाबायला सांगितलंय. खालच्या अक्षरांचं."

मी रिमोट उचलला. बटण दाबलं. कोपऱ्यात आलं, १/३२. गोगलगायीने विचारलं, मी हसायला लागलो, आणि गेंडोबाच्या पायाशी पांढऱ्या अक्षरांत उमटलं:

राणेकाकूंकडे, चहा प्यायला. (जिना, त्याच दिवशी.)

परत मागे नेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा मागे. ५/३२, रिझल्ट आणायला. ९/३२, मुलीकडच्यांना विचारा, आणि कंसात, आमचं लग्न, दादर. सगळं होतं. जागा, प्रसंग, कुठे कोण हसलं. चौदावं मला आठवतही नव्हतं: बघतो, कोण अडवतं. कंसात लिहिलंयस, आये गेली त्या आठवड्यात, मला जेवायला लावण्यासाठी. मी ते बोललो होतो, विल्या? तुला जेवायला लावलं होतं का मी? मग जेवलास का?

एका डिस्कवर खालच्या अक्षरांचे बत्तीसच पर्याय मावतात, हे तूच मला मागे शिकवलं होतंस आणि मी जांभई दिली होती. मला वाटायचं मी हवेत सोडतोय. तू खाली ओंजळ धरून उभा होतास. हे नाही, हे नाही म्हणत एकेक उचलून ठेवत होतास. तुझं वाक्य ज्यांनी खाल्लं, तीच सगळी.

३१/३२. इथून लांब. कंसात फक्त, रविवार, दारातून. चहा राहिला.

मग बत्तिसावं. दाबलं. गोगलगायीने विचारलं. मी हसलो. गेंडोबा शिंगात छत्री घेऊन पावसातून लांब लांब जात राहिला, आणि त्याच्या पायाशी काहीच उमटलं नाही. मला वाटलं बटण नीट लागलं नाही. पुन्हा केलं. कोपऱ्यात ३२/३२ होतं. खाली रिकामं.

"ते ठेवलं होतं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये येऊन गेलात ना, त्यानंतर मला म्हणाले, शैला, घरी गेलीस की ते बंद करून डिस्क बनव. मी शिकले होते कुठलं बटण ते. मी म्हटलं, एक रिकामं आहे अजून. तर म्हणाले, असू दे तसंच."

बंद केलेल्या डिस्कवर पुन्हा काही लिहिता येत नाही. हेही तूच शिकवलं होतंस.

एक राहिलंय, म्हणाला होतास. मी म्हटलं, उद्या.

वहिनी डोळे पुसत आत गेल्या, चहा टाकते म्हणाल्या. मी खुर्चीत एकटा. त्या चहाच्या आधी निघायचं नाही, एवढं ठरवलं. मग पुन्हा मागे नेलं. आवाज बंद केला, माझं हसणं बंद केलं. पाऊस पडत होता, मुका. गोगलगायीचं तोंड हललं. आणि तू, म्हणजे गेंडोबा, पाठ करून निघालास.

या वेळी मी उशीर केला नाही. छातीवर हात ठेवला नाही, गेंड्याचा आवाज काढला नाही, माझ्याच आवाजात सांगितलं. टॅक्सीतलं नव्हे. दुसरंच, ते तिथेच आलं. ते मी इथे लिहीत नाही, आणि यापुढे कुणी जिन्यावर, मांडवात, माइक हातात देऊन विचारलं तरी सांगणार नाही. तू फक्त ओठ हलवायचे होतेस. मी बघत होतो.

आतून कपबशांचा आवाज थांबला. "काही म्हणालात का, भावोजी?"

"तुम्हाला नाही, वहिनी," मी म्हटलं.